दूध सोडल्यावरचा चहा: पाकिटातलं आणि घरचं सोयादूध, चौदा महिन्यांचा अनुभव

आमच्या घरात दूध बंद करायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न चहाचा आला. बाकी ताटाचं फारसं अडलं नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची आमटी, पिठलं, मटकीची उसळ, ठेचा, कारळाची आणि जवसाची चटणी, यात दुधाचा थेंब नसतो. तूप सोडलं, दही-ताक सोडलं, तेही महिन्याभरात अंगवळणी पडलं. पण सकाळी सहाला उठून समोर कोरा चहा आला की दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नव्हता. व्हीगन व्हायचा, म्हणजे दूध-तुपासकट जनावरांपासून येणारं सगळं सोडायचा, विचार करणाऱ्या ज्या ज्या बायकांशी मी बोलले, त्यांतल्या बहुतेकींचं घोडं इथेच अडलेलं. म्हणून हा अनुभव मुख्यतः चहाच्या दुधाबद्दल आहे, आणि त्याच्या आजूबाजूला जे शिकावं लागलं त्याबद्दल.

सुरुवात माझ्या लेकीने केली. ती पुण्यात नोकरीला असते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आली आणि म्हणाली, "आई, मी दूध सोडलंय." कारण विचारलं तर एका मोठ्या गोठ्यावर नर वासरांचं काय होतं ते पाहून आली होती. मी काही बोलले नाही. माझ्या माहेरी म्हशी होत्या. नर रेडकू झालं की त्याच्या वाट्याला कासेतलं दूध कमीच यायचं, आणि बरीचशी रेडकं फार दिवस जगायची नाहीत. हे मी लहानपणापासून पाहिलं होतं, पण कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. लेकीने बोलून दाखवलं. त्या दिवाळीत सगळे दुधाचा चहा पीत असताना ती एकटी कोरा चहा घेऊन बसली होती, ते मला बघवलं नाही. पुढच्या वर्षी श्रावणात मीही सोडलं. सासूबाईंचा चहा अजून दुधाचाच होतो. त्यांचं वय ८४ आहे, त्यांना मी काही सांगत नाही.

आधी पाकिटं आणली. लातुरातल्या मोठ्या दुकानात मिळाली ती तिथून, बाकीची लेकीने पुण्याहून पाठवली. सोया, बदाम, ओट्स आणि नारळ. त्यावर 'दूध' असं लिहिलेलं नसतं, कारण आपल्याकडच्या नियमात दूध म्हणजे जनावराचंच. 'सोया बेव्हरेज', 'आमंड ड्रिंक' अशी नावं शोधावी लागतात. दुकानातल्या पोराला "सोयाबीनचं दूध" विचारलं तर तो नाही म्हणून मोकळा झाला, आणि ते त्याच्याच मागच्या फळीवर होतं.

बदामाचं पाकीट सगळ्यात महाग पडलं, लिटरला अडीचशेच्या वर. चव सौम्य, चांगली. पण चहात ओतलं की चहा पाणचट होतो, रंगच येत नाही. पाकिटाच्या मागे वाचलं तेव्हा कळलं की १०० मिलिलिटरमध्ये प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. गाईच्या दुधात ती तीन ग्रॅमच्या वर असतात. म्हणजे दुधाच्या जागी दूध समजून कुणी हे रोज घेत असेल तर त्याने प्रथिनांचा हिशेब दुसरीकडे लावायला हवा. ओट्सचं चहाला खरंच छान लागतं, दाट आणि मुळातच गोडसर. ओट्समधला स्टार्च विकरांनी फोडतात, त्यातून तो गोडवा येतो. माझ्या मिस्टरांना साखर आहे, म्हणून आमच्याकडे ते रोजचं झालं नाही. नारळाचं चहाला मला अजिबात आवडलं नाही. सोलकढीत नारळाचं दूध जितकं शोभतं तितकंच चहात ते परकं वाटतं.

सोयाचं पाकीट प्रथिनांत गाईच्या दुधाच्या जवळपास येतं. साधं आणि गोड असे दोन प्रकार मिळतात. नवीन माणसाला मी एवढंच सांगेन की व्हॅनिलाचं चहासाठी घेऊ नका आणि 'अनस्वीटन्ड' लिहिलेलं बघून घ्या. दीड महिना आम्ही यावर काढला. चहा चांगला व्हायचा. पण लिटरला सव्वाशे-दीडशे रुपये आणि रोज तीन माणसांचा दोन वेळा चहा, हे आमच्या घराला परवडणारं नव्हतं.

आणि मग एका दुपारी लक्षात आलं की आमच्याच पडवीत सोयाबीनची पोती उभी आहेत.

मराठवाड्यात सोयाबीन किती पिकतं ते वेगळं सांगायला नको. मृग बरसला की पेरायचं, दसरा-दिवाळीला काढायचं आणि बाजार समितीत घालायचं. तिथून ते तेलाच्या गिरणीत जातं, तेल निघतं, पेंड कोंबड्या-जनावरांच्या खाद्याला जाते. लग्न होऊन या घरात आले त्याला ३१ वर्षं झाली, इतक्या वर्षांत आमच्या चुलीवर सोयाबीन एकदाही शिजलं नव्हतं. फार तर दळणात मूठभर. ज्या दाण्यात शंभरातले ३६ ते ४० भाग प्रथिनं आहेत, तो आम्ही पिकवला, विकला आणि खाल्ला मात्र नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण शेतकऱ्याच्या घरात ही चूक होऊ शकते. पेरणीसाठी आणलेलं किंवा पेरणीतून उरलेलं बियाणं कधीही खायला घेऊ नका. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, कधी रंगावरून कळतं, कधी कळतही नाही. खायला फक्त मळणीतून आलेलं, बीजप्रक्रिया न केलेलं सोयाबीन. ज्यांची शेती नाही त्यांनी किराणा दुकानातून खाण्याचं म्हणून मागून घ्यावं.

पहिल्या दिवशीचं दूध टाकून द्यावं लागलं. रात्री भिजवलं, सकाळी गार पाण्यात मिक्सरला वाटलं, गाळलं, उकळलं. कच्च्या शेंगेचा असा उग्र वास आला की लेकसुद्धा पिऊ शकली नाही. चार वेळा बिघडल्यावर त्याचं कारण सापडलं. दाणा कच्चा असताना पाण्यात फुटला की त्यातलं एक विकर तेलावर काम करतं आणि तो वास तयार होतो. म्हणून दाणा फुटण्याआधी त्याला उष्णता द्यायची. हे एक कळलं आणि सगळं बदललं.

आता मी असं करते. एक मोठी वाटी, साधारण दीडशे ग्रॅम सोयाबीन रात्री भरपूर पाण्यात भिजत घालते. उन्हाळ्यात आठ तास पुरतात, थंडीत बारा लागतात. सकाळी दाणा फुगून लांबट होतो आणि नखाने दोन डाळिंब्या सुटतात. ते पाणी फेकून द्यायचं. मोठ्या पातेल्यात दाणे हाताने चोळले की टरफलं वर तरंगतात, ती ओतून टाकायची. सगळी निघाली नाहीत तरी चालतं. मग उकळत्या पाण्यात दाणे पाच मिनिटं सोडायचे, तेही पाणी फेकायचं आणि गरम पाणी घालूनच वाटायचं. मिक्सरचं भांडं अर्ध्याच्या वर भरू नका आणि झाकणावर फडकं धरून दाबा, वाफेने झाकण उडतं. एकूण पाणी सव्वा लिटर. वाटण मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि पुरचुंडी करून घट्ट पिळायचं.

आता उकळणं. यात घाई चालत नाही. सोयादूध गरम व्हायला लागलं की पांढरा फेस भराभर वर येतो आणि उतू जाऊ बघतो. ती खरी उकळी नसते. तेवढ्यावर गॅस बंद केला तर दूध कच्चं राहतं आणि पोट बिघडतं, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात आणि ते चांगल्या उष्णतेनेच जातात. फेस आला की आच कमी करायची, चमच्याने फेस मोडायचा आणि पुढे पंधरा-वीस मिनिटं मंद आचेवर सतत ढवळत राहायचं. हात थांबला की तळाला लागतं. शेवटी चिमूटभर मीठ. गार झाल्यावर वर साय धरते, दुधासारखीच, फक्त पिवळसर. सासूबाईंनी पहिल्यांदा ती साय बोटाने उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "हे तर खऱ्यावाणीच आहे की गं." फ्रीजमध्ये तीन दिवस चांगलं राहतं.

खर्चाचं म्हणाल तर २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, किलोला एकोणपन्नाससुद्धा नाही. आणि बाजारात तेवढा मिळाला नाही हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या भावाने धरलं तरी एक लिटरच्या वर दुधाला लागणारं सोयाबीन सात-साडेसात रुपयांचं. गॅस वेगळा. हा हिशेब मी वहीत मांडला तेव्हा आनंदही झाला आणि वाईटही वाटलं. आमच्याकडून पन्नासाच्या आत गेलेला दाणा पाकिटात जाऊन इतका महाग होतो.

फडक्यात उरलेला चोथा टाकू नका. त्यात ज्वारीचं पीठ, बेसन, कांदा, मिरची, कोथिंबीर घालून थालीपीठ लावलं की खुसखुशीत होतं. आमच्याकडे आता दूध करायचं त्या दिवशी सकाळी नाश्ता तोच असतो.

तरीही चहा फाटायचा. कधी व्हायचा, कधी चोथा-पाणी वेगळं. पाकिटातलं इतकं फाटत नव्हतं, कारण त्यात ते धरून ठेवणारे पदार्थ घातलेले असतात. घरच्या दुधाला तुमची पद्धत सांभाळावी लागते. चहा थोडा आम्ल असतो, त्यात जास्त उष्णता मिळाली की सोयाची प्रथिनं गोठतात. म्हणून दूध घालून खळखळ उकळायचा आपला चहा इथे चालत नाही. पाणी, आलं, साखर, पत्ती चांगली उकळून घ्यायची, गॅस बंद करून मिनिटभर थांबायचं. दुसऱ्या भांड्यात दूध गरम करायचं. कपात आधी दूध आणि त्यावर हळूहळू चहा गाळायचा. याच्या उलट केलं की फाटण्याची शक्यता वाढते. दुसरं कारण पाण्याचं निघालं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, भांड्यांवर पांढरे थर चढतात. टोफू, म्हणजे सोयादुधाचं पनीर, करताना दूध गोठवायला कॅल्शियमचे क्षारच वापरतात, मग त्या पाण्यात चहा फाटला तर नवल नाही. फिल्टरचं पाणी घ्यायला लागल्यापासून माझा चहा महिन्यातून एखाद्या वेळेला फाटतो, तोही मी घाई केली तरच.

चव गाईच्या दुधाच्या चहासारखी येते का? नाही. थोडी भाजल्या शेंगदाण्याकडे जाणारी चव आहे. पंधरा दिवस मला ती जाणवत राहिली, मग जाणवायची थांबली. वेलदोड्यापेक्षा आलं आणि गवती चहा तिला जास्त जमतो.

दह्याला मात्र सोया नको, शेंगदाणे घ्या. भिजवलेले दाणे तिप्पट पाण्यात वाटून गाळायचे, उकळायचे, कोमट झाल्यावर त्यात हिरव्या मिरचीचे आठ-दहा देठ टाकून रात्रभर उबेला ठेवायचं. देठांवरच्या जिवाणूंनी विरजण लागतं. पहिलं दही पातळ आणि जरा वेगळ्या वासाचं होतं, ते विरजण म्हणून वापरून दुसऱ्यांदा लावलेलं घट्ट येतं. याची कढी उत्तम होते. वेळ अमावस्येला आमच्याकडे सगळं गाव शेतात जातं. बाजरीचे उंडे, वाल-तुरीचे ओले दाणे, हरभरा आणि पालेभाज्या घातलेली भज्जी, आणि माठातली अंबील. भज्जीत दूध-दही लागतच नाही. अंबील ताकाची असते. या वर्षी मी दोन माठ केले, एक ताकाचा आणि एक शेंगदाण्याच्या ताकाचा, लसूण-जिरं दोन्हीत सारखंच. शेंगदाण्याचा माठ दुपारी तीनपर्यंत रिकामा झाला होता. माझ्या दिराने दोन तांबे प्यायल्यावर विचारलं, "वहिनी, यात काय वेगळं टाकलंय?" सांगितल्यावर त्यांनी तिसरा मागितला.

टोफू इथे ताजा मिळत नाही. मागवलेलं 'व्हीगन पनीर' मे महिन्यात तीन दिवसांनी पोचलं, पाकीट फुगलेलं. तक्रारीला उत्तर आलं नाही. उन्हाळ्यात असं काही गावाकडे मागवू नका. सोयावडी कोरडी असते, कुठेही मिळते आणि शंभर ग्रॅममध्ये पन्नासच्या आसपास प्रथिनं देते. रस्सा तिचाच करा.

पाकिटं वाचायची सवय मात्र लावून घ्यावीच लागते. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, पण त्यात दूध असू शकतं. व्हीगनची खूण वेगळी आहे. भारतात २०२२ मध्ये त्याचे नियम आले, हिरव्या चौकटीत इंग्रजी व्ही आणि त्याला पान. ती खूण अजून थोड्याच मालावर दिसते. इथल्या एका दुकानात मला "याच्यात दूध नाही" सांगून बिस्किटं दिली. घरी येऊन पाहिलं तर मागे दुधाचे घनपदार्थ लिहिलेले. तेव्हापासून मी आधी ॲलर्जीची ओळ वाचते. 'कंटेन्स' नंतर 'मिल्क' असेल तर पाकीट परत फळीवर. मग घटकांत व्हे, केसिन, मिल्क सॉलिड्स शोधायचे, हे सगळे दुधाचेच. आयएनएस हे वरून घातलेल्या पदार्थांचे क्रमांक असतात. आयएनएस १२० हा किड्यांपासून काढलेला लाल रंग, आयएनएस ९०४ म्हणजे लाखेची चकाकी. गोळ्या-औषधांची मऊ कॅप्सूल बहुधा जिलेटिनची असते आणि डी-३ जीवनसत्त्व साधारणपणे मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. शैवाल आणि बुरशी मिळून बनणाऱ्या दगडफुलासारख्या सजीवापासून केलेलं डी-३ही मिळतं, मागवून घ्यावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बी-१२ ची गोळी. यात तडजोड नको. बी-१२ वनस्पतींत नसतं. स्पिरुलिना, लोणची, आंबवलेली अंबील, यांच्यावर भरवसा ठेवू नका. मी दूध सोडायच्या आधीच रक्त तपासलं होतं, आणि दूध-दही सगळं खात असतानाही माझं बी-१२ १७८ निघालं. साधारण २०० च्या खाली कमी समजतात. पायांना मुंग्या यायच्या, मी ते वयावर ढकलत होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तीन महिन्यांनी आकडा चारशेच्या वर गेला आणि मुंग्या थांबल्या. रोजची गरज मायक्रोग्रॅममध्ये दोन-अडीच इतकीच असते, पण ती चुकवली तर शरीरातला साठा काही वर्षांत हळूहळू संपतो आणि नसांना इजा होते. साखरेसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर नक्की तपासावं, त्या गोळीनेही बी-१२ कमी होतं. मिस्टरांचं आम्ही दर वर्षी तपासतो.

घरच्या सोयादुधात कॅल्शियम फार कमी असतं. गाईच्या दुधात १०० मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमच्या आसपास, तर याच्यात त्याचा चौथा हिस्साही धड नाही. काही पाकिटांत वरून घातलेलं असतं, मागे बघा आणि पाकीट चांगलं हलवून घ्या, ते तळाला बसतं. मी आठवड्यातून चार दिवस नाचणीची भाकरी करते, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. शेवग्याचा पाला आमच्या बांधावरच आहे. तिळाची चटणी रोज. चहा मात्र जेवणानंतर लगेच नको, पालेभाजीतलं लोह अंगी लागत नाही. तासभर थांबा आणि ताटात लिंबाची फोड ठेवा.

माझ्या जाऊबाईंना थायरॉइडची गोळी आहे. ती आणि सोयादूध एकत्र घ्यायचं नाही, मध्ये चार तासांचं अंतर ठेवायला डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून त्या सकाळी कोरा चहा आणि दुपारी सोयाचा घेतात. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला हे दूध अंगावरच्या दुधाऐवजी कधीच देऊ नका.

एकटं राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या माणसाने सोयाचं बिनसाखरेचं पाकीट घ्यावं, उघडल्यावर चार-पाच दिवसांत संपवावं. चहाचा खूप हट्ट असेल आणि साखरेचं दुखणं नसेल तर ओट्सचं. तीन-चार माणसांचं घर असेल तर एक वाटी सोयाबीन आज रात्री भिजत घाला. पहिले आठ दिवस फक्त एका वेळचा चहा बदला, दुसरा राहू द्या. आम्ही तसंच केलं होतं.

या वर्षी विकायला नेण्याआधी मिस्टरांनी विचारलं, घराला किती ठेवायचं. आठवड्याला तीनदा दीडशे ग्रॅम, म्हणजे वर्षाला तेवीस-चोवीस किलो. लेक आली की जास्त लागतं. पन्नास किलोचं एक पोतं पडवीत वेगळं काढून ठेवलंय, वर खडूने 'चहा' लिहून.